आधी रडून घे, मंग उपकार मान

केजमध्ये आमच्यासारखी ख्रिस्ती घरं थोडीच. त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळी काय चालतं याचं गल्लीत सगळ्यांना कुतूहल. दिवेलागणीला शेजारच्या घरात शुभंकरोती होते, मशिदीतून अजान ऐकू येते आणि त्याच सुमाराला आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून लहानथोर प्रार्थनेला बसतात. भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे शब्द न शब्द पलीकडे जातो. एकदा शेजारणीनं मला विचारलं, "ताई, पाऊस नाही, सोयाबीनला भाव नाही, तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आणि तुम्ही रोज देवाचे उपकार मानता. ते कशाचे?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती, कळकळ होती. तिच्याही घरात तेच दिवस चालले होते. हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, ख्रिस्ती घरांतल्या माणसांच्याही. त्याचं उत्तर मला संसार करता करता जसं उमगलं, तसं इथं मांडते आहे.

माहेरची गाणी, सासरची रीत

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझं माहेर राहुरी तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आले आणि पुढे त्या जिल्ह्यात गावोगाव ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरहूनच निघालं. माझ्या लहानपणी घरात दोन पुस्तकं हाताला लागतील अशी ठेवलेली असत: पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत'. या गीतसंग्रहात नारायण वामन टिळकांची कितीतरी पदं आहेत. वडील पेटीवर बसत, आई झांज धरी आणि आम्ही भावंडं अर्ध्या झोपेत का होईना, सूर लावत असू.

लग्न होऊन केजला आले तेव्हा सगळंच वेगळं होतं. २०११च्या जनगणनेनुसार अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं एक टक्क्याच्या आत, त्यातली बरीचशी मुंबई, वसई, पुणे, नगर या पट्ट्यात. बीड जिल्ह्यात आमची संख्या अगदी विरळ. हा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जवळच्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची पासोडी. भक्तीची भाषा या मातीत जुनीच आहे. पण पाऊस बेभरवशाचा आणि शेती कोरडवाहू. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायला ती जोडी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या मागे हिंडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी आणि मामंजींनी तरुणपणी कित्येक हंगाम असेच काढले होते. पहाटे अंधारात उठायचं, थंडीत उसाचा पाला हात कापायचा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, संध्याकाळी वाढ्याचे भारे विकून तेलमीठ आणायचं आणि कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, येऊन तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायच्या. त्या कोपीतही रोज प्रार्थना होत असे. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. वचनं त्यांना ऐकून पाठ झाली होती. मी माहेराहून गाणी घेऊन आले होते, पण आनंद कसा करायचा हे मला या अक्षरशत्रू म्हटल्या गेलेल्या बाईनं शिकवलं.

त्या सांगत की आनंद हे घरकाम आहे. केर काल काढला म्हणून आज काढायचा राहत नाही, तसंच हे. मन रोज खराब होतं, रोज झाडावं लागतं. ज्याला सवड असेल त्यानं करावं असंही नाही. घरातल्या प्रत्येकानं हात लावायचा.

रोज एक, तेही नवं

आमच्या घरच्या प्रार्थनेचा क्रम ठरलेला आहे. आधी एक गीत. मग शास्त्रातला एक उतारा, तो घरातलं सगळ्यात लहान वाचता येणारं मूल वाचतं. मग ज्याच्या मनात जे दुःख, जी भीती असेल ती देवापुढे मांडायची. मग उपकारस्तुती. शेवटी दुसऱ्यांसाठी मागणं: आजारी शेजारी, परीक्षेला बसलेली मुलं, तोडीला गेलेली गल्लीतली कुटुंबं. चर्चमधल्या उपासनेतही साधारण हेच भाग असतात, घरी ते घरच्या मापात येतात.

उपकारस्तुतीसाठी आत्याबाईंचा नियम कडक होता. प्रत्येकानं मोठ्यानं, आज घडलेली एक गोष्ट सांगायची. कालची चालणार नाही. "देवा, सगळ्यासाठी तुझे उपकार" एवढं म्हणून सुटायचं नाही. "सगळं म्हंजी काय? नाव घे," असं त्या म्हणत. त्यामुळे आमच्याकडे देवाला अगदी बारीकसारीक गोष्टी ऐकवल्या जातात. शाळेच्या खिचडीत आज शेंगदाणे होते. बैलानं तीन दिवसांनी पेंड खाल्ली. अंबाजोगाईच्या गाडीत उभं राहावं लागलं नाही. नळाला पाणी आलं आणि दोन घागरी जास्त भरल्या. तुरीला फूल लागलं.

नाव घेऊन सांगायचं म्हटलं की दिवसभर नजर शोधत राहते. संध्याकाळी काहीतरी सांगायचं आहे हे मुलांना दुपारपासून ठाऊक असतं. माझी नात पहिलीत असताना शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी सांगायची, "आजी, माझी गोष्ट सापडली." ती गोष्ट कधी मैत्रिणीनं दिलेला खोडरबर असे, कधी अंगणात आलेली खार. मोठ्या माणसांना हे जड जातं. पण जड जातं तेव्हाच ते जास्त कामाला येतं.

या रीतीतून आमच्या घरात आणखी एक गोष्ट झाली, आणि मला ती फार मोलाची वाटते. आपल्या मराठी घरांत घरच्या माणसाचे आभार मानायची पद्धत नाही. आपल्या माणसाचे आभार कसले मानायचे, असंच आपण मानतो. त्यात आपलेपणा आहे, हे खरं. पण कित्येक बायका आयुष्यभर भाकरी थापतात आणि कुणी एका शब्दानं त्याची दखल घेतली हे त्यांच्या कानावर येत नाही. आत्याबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचं सगळं करायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी मला कधीही समोरासमोर काही म्हटलं नाही. पण एका संध्याकाळी त्या अडखळत्या जिभेनं देवाला म्हणाल्या, "देवा, सुनेनं आज माझे केस विंचरले. तिचे हात तू बळकट ठेव." मी तिथंच बसले होते. पुढे कित्येक दिवस मला कामाचा शीण वाटला नाही.

मग घरातल्या इतरांच्याही तोंडून तशी वाक्यं येऊ लागली. माझे यजमान मुळात अबोल. ते देवाला सांगू लागले की मुलानं आज न सांगता मोटारीचा पाइप जोडला. मुलगा सांगू लागला की बायकोनं त्याचा डबा पहाटे करून दिला. जे एकमेकांना तोंडावर बोलायला संकोच वाटतो, ते देवाला सांगताना सहज निघतं आणि ज्याच्या कानी पडायला हवं त्याच्या कानी पडतं. घरातली पुष्कळ भांडणं, माझ्या मते, कुणी दखल घेत नाही या एका दुःखातून उगवतात. उपकारस्तुती त्या दुःखाला रोज थोडं थोडं उतार देते.

देवापुढं कामून लाजतीस?

आता शेजारणीच्या प्रश्नाकडे येते. दिवस वाईट असतील तेव्हा काय?

२०१६च्या उन्हाळ्याची आठवण मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. लातूर शहराची तहान भागवणारं मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यात, धनेगावला आहे. ते कोरडं पडलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. आमच्या शेतातली बोअर त्याआधीच आटली होती, तूर हाती लागली नव्हती आणि दारात टँकरची वाट पाहत ड्रम उभे होते. प्रार्थनेला बसलो की मी रीतसर शब्द म्हणत असे आणि ते माझ्याच कानाला पोकळ लागत. आत्याबाईंनी एके दिवशी मला थांबवलं. "पोरी, देवापुढं कामून लाजतीस? आधी रडून घे, मंग उपकार मान. त्याला काय दिसत नाय व्हय?"

हे त्यांनी शास्त्रातूनच उचललं होतं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली बरीच मोठी संख्या गाऱ्हाण्यांची आहे. भक्त देवाला विचारतो की तू किती दिवस लपून राहणार, माझे शत्रू माजले ते तुला दिसत नाहीत का. 'विलापगीत' नावाचं एक सबंध पुस्तकच जळलेल्या यरुशलेमेसाठी रडतं. ही रडगाणी देवभक्तांनी शास्त्रातून गाळली नाहीत, उपासनेत गाण्यासाठी जपून ठेवली. ख्रिस्ती माणसाचा आनंद दुःख झाकून उभा राहत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

त्या वर्षी बायबलमधलं हबक्कूक संदेष्ट्याचं छोटंसं पुस्तक मी नव्यानं वाचलं. त्याच्या शेवटी तो एका उजाड शिवाराचं वर्णन करतो. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतूनाचं पीक बुडालं, शेतं पिकली नाहीत, मेंढवाडा रिकामा, गोठ्यात जनावर नाही. आणि तरीही मी परमेश्वराठायी उल्हास करीन, असं तो ठरवतो. पिकांची नावं बदलली की ते केजचंच शिवार आहे. त्यानं नुकसान एक एक करून मोजलं, त्यात काही कमी केलं नाही. मगच पुढचं वाक्य उच्चारलं. आनंद ही त्यानं केलेली निवड होती, आणि ती डोळे उघडे ठेवून केलेली होती.

प्रेषित पौलाचंही तसंच. फिलिप्पैकरांस लिहिलेलं त्याचं पत्र आनंदाचं पत्र म्हणून ओळखलं जातं, आणि ते त्यानं तुरुंगातून लिहिलं. त्याच फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून कोठडीत टाकलं होतं. मध्यरात्री ते दोघं तिथं स्तोत्रं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते, असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लिहिलं आहे. फटक्यांबद्दल त्यांनी देवाचे उपकार मानले नाहीत. फटके खाल्ल्यावरही देव आपल्याला सोडून गेलेला नाही, याबद्दल मानले. हा फरक ध्यानात आला की मनावरचं मोठं ओझं उतरतं. तूर जळाली हे चांगलं झालं, असं मला कुणीही म्हणायला सांगत नाही. जळालेल्या तुरीच्या वर्षात शेजारच्या बाईनं टँकरच्या रांगेत माझी घागर भरून ठेवली, त्याचं नाव मात्र मला घ्यायचं आहे.

लक्ष्मीबाईंचा संसार

हा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे लक्ष्मीबाई टिळक येतात. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. मराठीतलं ते अव्वल दर्जाचं पुस्तक आहे, हे सगळेच मानतात. मी ते वाचते एका संसारी ख्रिस्ती बाईची साक्ष म्हणून. आमच्या मंडळ्यांत साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं पराकोटीचं की घरातल्या मुलांना त्याचा जाच व्हावा. लहान वयात नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक मनानं थोर, पण संसारात पाय न ठरणारे. न सांगता घरातून निघून जावं, हातातला पैसा मागणाऱ्याला देऊन टाकावा, बायकोनं रिकाम्या डब्यांकडे पाहत बसावं. पोटचं मूल गेल्याचं दुःखही त्यांनी पाहिलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या काळी हा वियोग मरणासारखाच होता. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्यांनी काही वर्षं नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधारानं काढली. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, जातिभेदाचा त्यांनी स्वतः विचार केला, तो सोडला, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

एवढं सोसलेली बाई म्हातारपणी आठवणी सांगायला बसते तेव्हा कडवट होण्याचा तिला पूर्ण हक्क असतो. लक्ष्मीबाईंनी तो वापरला नाही. नवऱ्याचे दोष त्यांनी लपवले नाहीत, स्वतःचा राग लपवला नाही, उपासमार लपवली नाही. तरीही त्या पुस्तकाच्या पानापानावर हसू आहे. ते हसू वेदना विसरलेल्या बाईचं नाही. सगळं आठवत असूनही ज्यांच्यामुळे सोसावं लागलं त्यांच्यावरची माया जिनं सोडली नाही, तिचं आहे.

त्यांच्या आनंदाला हातपायही होते. नगरला टिळकांच्या घरी अनाथ मुलं वाढली, निराधारांना आसरा मिळाला. कवी बालकवी ठोंबरे त्यांच्या घरात घरचाच मुलगा होऊन राहिले. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं. लग्नानंतर ज्यांनी अक्षरं गिरवली, शाळेची पायरी ज्या चढल्या नाहीत, त्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. टिळक सांगत असत की तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वयंपाकघराच्या वाटेनं. मला दुसरी वाट जास्त ओळखीची आहे.

कृतज्ञता तोंड बंद करत नाही

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 'आहे त्यात समाधान मान' हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा बाईला ऐकवलं जातं आणि गरिबाला ऐकवलं जातं. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या कमी वयात काढल्या गेल्याची प्रकरणं बाहेर आली आणि २०१९ साली राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. अशा बाईला कुणी 'देवाचे उपकार मान आणि गप्प बस' म्हणत असेल, तर ते येशूच्या शिकवणीत कुठंही बसत नाही. मार खाणाऱ्या सुनेला, मजुरी बुडालेल्या गड्याला, फसवल्या गेलेल्या कुटुंबाला आधी न्याय हवा. आणि ज्याचं मन महिनोन्‌महिने काळवंडलेलं आहे, झोप उडाली आहे, त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्यावं. प्रार्थना सोबत चालावी, औषधाच्या आड येऊ नये.

खरी कृतज्ञता माणसाला उठवते, याचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आहे. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात, उपासमारीनं गेले. तरुण वयात भाऊ गेला, नवरा गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. मग १८९६-९७चा दुष्काळ आला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या बायका शिकल्या, विणू लागल्या, शेती करू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात, त्याच बायकांच्या हातून छापलं गेलं. आपण दुष्काळातून वाचलो याचे उपकार त्यांनी दुसऱ्यांना वाचवून मानले.

आमच्या लहानशा घरात याचंच छोटं रूप आहे. रोज पीठ मळायला घेताना एक मूठ बाजूच्या डब्यात पडते. डबा भरला की ते पीठ गरजू घरी जातं. आत्याबाई कोपीत राहत होत्या तेव्हाही हे चुकत नसे, आणि तेव्हा त्यांच्याइतकं गरजू जवळपास दुसरं कुणी नसे. सुगी झाली की आमच्या मंडळीत उपकारस्तुतीची उपासना होते. कुणी ज्वारीची कणसं आणतं, कुणी भोपळा, कुणी अंडी, कुणी नुसती मेथीची जुडी. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. मेथीची ती जुडी बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जाते, कारण ती कुणी आणली हे सगळ्यांना ठाऊक असतं.

नाताळात घरावर चांदणी लागते, करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं गल्लीभर फिरतात. दिवाळीत त्याच ताटांतून फराळ परत येतो, ईदेला शीरखुर्मा येतो. केजनं मला हे दिलं. माहेरी आमची वस्तीच ख्रिस्ती होती, त्यामुळे सण आमच्यातच होत. इथं माझ्या आनंदात शेजारी सामील झाले आणि त्यांच्या आनंदात मी. संख्येनं थोडकं असणं ही उणीव आहे असं मला आता वाटत नाही.

सुरुवात कुठून करावी

मानसशास्त्रज्ञांनीही कृतज्ञतेचा हा विषय तपासला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या, तर दुसऱ्या गटाला त्रासदायक गोष्टी. पहिल्या गटाला आपल्या आयुष्याबद्दल अधिक बरं वाटू लागलं, येणाऱ्या दिवसांबद्दल त्यांची आशा वाढली. आत्याबाईंना याचं आश्चर्य वाटलं नसतं. पण आमची रीत वहीत लिहिण्यापेक्षा दोन बाबतींत वेगळी आहे. ती एकट्यानं होत नाही, घर मिळून होते. आणि तिच्यात समोर कुणीतरी असतो. वस्तू मिळाली याचा आनंद वस्तूबरोबर संपतो. ती कुणी दिली हे कळलं की नातं जुळतं, आणि नातं वस्तू गेल्यावरही उरतं. लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. दहाही बरे होतात, पण उपकार मानायला परत येतो एकटाच, आणि तोही परका समजला जाणारा शोमरोनी. बाकीच्या नऊ जणांना आरोग्य मिळालं. त्या एकाला आरोग्य मिळालं आणि येशूचं तोंड पुन्हा पाहायला मिळालं.

ज्यांना हे आपल्या घरी करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातलं थोडं सांगते. वेळ ठरवा, कारण सवडीवर सोडलेली गोष्ट होत नाही. आमची दिवेलागणीची आहे, तुमची रात्रीच्या जेवणाची असू शकेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. लहान मुलाला पहिली संधी द्या, मोठी माणसं त्याच्यामागून मोकळी होतात. कुणाला काही सुचलं नाही तर त्याला रागावू नका, त्याचं दुःख ऐका. तेही प्रार्थनेतच धरलं जातं. घरात भांडण झालं असेल त्या दिवशी तर आवर्जून बसा. माझा मुलगा आणि सून पुण्याला राहायला गेल्यापासून ती दोघं फोनवरून सामील होतात. आवाज तुटतो, नेट जातं, तरी त्यांची एकेक गोष्ट ऐकल्याशिवाय आम्ही आमेन म्हणत नाही.

आत्याबाई आता नाहीत. शेवटच्या आजारपणात त्यांना बोलता येत नव्हतं, तेव्हा त्या बोटानं एकेक गोष्ट दाखवत आणि आम्ही तिचं नाव घेत असू: खिडकीतलं ऊन, तांब्यातलं पाणी, दारात उभी असलेली नात. त्या गेल्या त्या संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो आणि खूप रडलो. त्यांनीच तशी मुभा दिली होती. मग प्रत्येकानं त्यांच्याबद्दलची एक गोष्ट सांगितली, आणि सांगायच्या गोष्टी संपेनात.

मी येशूचे उपकार मानते, कारण माणसाचं रडणं त्याला परकं नव्हतं. मित्र लाजर मेला तेव्हा तो स्वतः रडला. आपल्याला धरून नेणार हे माहीत असताना, त्याच रात्री शिष्यांबरोबर जेवायला बसून त्यानं हातात भाकर घेतली, देवाचे उपकार मानले आणि मोडून सगळ्यांना दिली. ख्रिस्ती प्रभुभोजनाचा विधी त्याच जेवणातून आला. पुढची रात्र किती अंधारी आहे हे त्याला कळत होतं, आणि तरी त्यानं आधी आभार मानले, मग वाटलं. शेजारणीला मी हेच सांगितलं: आमचे दिवस तुमच्याहून बरे नाहीत. पण या दिवसांतून आमच्याबरोबर कुणीतरी चालतो आहे अशी आमची खात्री आहे, आणि उपकार मानायचे ते त्याचेच.